हवेची उशी

प्रवासाला निघण्यापूर्वी नवराबायकोची एखादी तरी वस्तू हरवलीच पाहिजे, असा काही नियम विधात्याने घालून दिलेला असावा. माझे वडील देवरुखहून मुंबईला यायला निघाले की त्यांचा अडकित्ता हरवत असे. "तुझ्याकडेच दिला होता," असे अण्णा म्हणत. "माझ्याकडे नाही हो," असे आई म्हणे. मग बांधलेली वळकटी सुटे, दोन पिशव्या उलट्या होत, आंब्यांच्या पेटीखालीसुद्धा हात घालून पाहिला जाई. आणि शेवटी तो अडकित्ता अण्णांच्याच कोटाच्या खिशातून निघे. निघाल्यावर अण्णा "हं, हा इथंच आहे" एवढेच म्हणत. ज्याची चूक निघाली त्याने काही बोलायचे, ही पद्धत त्या पिढीत नव्हती. आईही काही बोलत नसे. ती पुन्हा वळकटी बांधायला बसे.

हा नाट्यप्रवेश फक्त आमच्याच घरात होतो, अशी माझी वयाच्या चोविसाव्या वर्षापर्यंत समजूत होती. १९७८ साली ती दूर झाली, आणि तीही एका जपानी चित्रपटाने. मुंबईतल्या एका फिल्म सोसायटीचा मी तेव्हा नवा नवा सभासद होतो. उसन्या घेतलेल्या शाळेच्या सभागृहात, लाकडी बाकांवर दाटीवाटीने बसून, मध्येच थांबणाऱ्या प्रक्षेपणयंत्राची खरखर ऐकत आम्ही जगाचा चित्रपट पाहत असू. जपानी म्हटल्यावर कुरोसावाचे सामुराई डोळ्यांसमोर होते. निदान दहापंधरा मुडदे तरी पडतील या अपेक्षेने आम्ही मित्र गेलो होतो. पडदा उजळला आणि दिसले काय, तर ओनोमिची नावाच्या समुद्रकाठच्या गावातले एक म्हातारे जोडपे प्रवासाची बांधाबांध करीत आहे! म्हातारा म्हणतो, हवेची उशी तुझ्याकडे दिली होती. म्हातारी म्हणते, माझ्याकडे नाही, तुमच्याकडेच असेल. खिडकीतून शेजारीण डोकावते, दोन शब्द बोलून जाते. आणि मग ती फुगवायची उशी म्हाताऱ्याच्याच सामानात सापडते.

मी बाकावर सावरून बसलो. तलवारीची आशा मी तिथेच सोडली.

त्या चित्रपटाचे नाव 'टोकियो मोनोगातारी', म्हणजे 'टोकियोची कहाणी'. दिग्दर्शक यासुजिरो ओझू, साल १९५३. कथा म्हणाल तर एका पोस्टकार्डावर मावेल. शुकिची आणि तोमी ही सत्तरीच्या घरातली आईबापे टोकियोत राहणाऱ्या मुलांना भेटायला जातात. थोरला कोइची डॉक्टर आहे, पण उपनगरातल्या एका साध्याशा वस्तीत त्याचा दवाखाना आहे. मुलगी शिगे केशभूषेचे दुकान चालवते. दोघांनाही आईबाप नकोसे आहेत असे नाही. पण त्यांच्या दिवसात आईबापांसाठी मोकळी जागा नाही. रविवारी सगळ्यांनी मिळून शहर बघायला जायचे ठरते, कपडे घालून सगळे तयार होतात, आणि तेवढ्यात डॉक्टरला रोग्याकडून बोलावणे येते. बेत मोडतो. नातवाचे अभ्यासाचे टेबल आजी-आजोबांच्या अंथरुणासाठी हलवलेले असते, म्हणून तो आधीच फुगलेला असतो. आता तो आणखी फुगतो. आजी धाकट्या नातवाला घेऊन घराजवळच्या माळावर जाते आणि विचारते, तू मोठेपणी कोण होणार? तू डॉक्टर होशील तेव्हा मी असेन का? नातू गवत उपटण्यात गर्क असतो. त्याला उत्तर द्यायला सवड नसते.

त्या घरात त्यांच्यासाठी सवड काढते ती फक्त नोरिको. ती लेक नव्हे, सून. आणि सूनही उरलेली. तिचा नवरा, म्हणजे या म्हाताऱ्यांचा मधला मुलगा, आठ वर्षांपूर्वी युद्धात गेलेला. ती कचेरीतून एका दिवसाची रजा घेते, सासूसासऱ्यांना बसमधून टोकियो दाखवते, आपल्या एका खोलीच्या बिऱ्हाडी नेते आणि शेजारणीकडून उसनी दारू आणि पेले आणून सासऱ्याचा पाहुणचार करते. भिंतीपाशी नवऱ्याचा फोटो असतो. म्हातारी त्याच्याकडे बघते आणि तो नेहमी मान कशी तिरकी ठेवायचा, त्याविषयी बोलते. बस्स, एवढेच.

मुले आईबापांची व्यवस्था करतात ती मोठ्या युक्तीने. पैसे काढून त्यांना आतामी नावाच्या गरम झऱ्यांच्या गावी हवा खायला पाठवून देतात. टोकियोत त्यांच्याबरोबर हिंडण्यापेक्षा ते स्वस्त पडते. तिथल्या स्वस्त उपाहारगृहात रात्रभर तरुणांचा गोंगाट, पत्त्यांसारखा तो सोंगट्यांचा खेळ आणि गाणीबजावणी. दोघांच्या डोळ्याला डोळा लागत नाही. सकाळी समुद्राच्या कठड्यावर एकसारख्या पांढऱ्या झग्यांत दोघे बसतात, आणि आता घरी जाऊ या असे एकमेकांना सांगतात. उठताना म्हातारीला किंचित घेरी येते. पाहणाऱ्याच्या पोटात गोळा उठतो. पडद्यावर मात्र त्याचा कोणी बाऊ करीत नाही. दोघे ठरल्यापेक्षा आधी टोकियोला परत येतात, तर मुलीच्या घरी त्या रात्री धंद्यातल्या मंडळींची बैठक असते. आता जायचे कुठे? म्हातारा हसत म्हणतो की शेवटी आपण बेघर झालो बुवा! म्हातारीही हसते. मी मात्र त्या दिवशी हसू शकलो नाही.

परतीच्या प्रवासात म्हातारी आजारी पडते. हा प्रसंग ओझू दाखवीतच नाही. ओसाकाला रेल्वेत काम करणारा धाकटा मुलगा सहकाऱ्याला सांगतो, तेव्हा तो आपल्याला कळतो. मग तार येते. थोरला आणि मुलगी बांधाबांध करतात, तेव्हा मुलगी विचारते की सुतकाचे कपडे घ्यायचे का? घेतलेले बरे, लागले नाहीत तर उत्तमच. पहाटे म्हातारी जाते. म्हातारा एकटा बाहेर येऊन उभा राहतो, आणि बोलवायला आलेल्या सुनेला म्हणतो की आजची पहाट फार सुंदर होती. आज उकाडा होणार. क्रियाकर्म उरकून जेवणे होतात न होतात तोच मुलगी आईचे अमुक वस्त्र मला द्या म्हणून मागून घेते, आणि गाडीच्या वेळा पाहून मुले निघून जातात. मागे राहते ती नोरिको. सासरा तिला बायकोचे घड्याळ देतो आणि सांगतो की पोटच्या मुलांपेक्षा तूच आमचे जास्त केलेस, आता नवे लग्न कर. ती म्हणते, मी काही तुम्ही समजता तशी चांगली नाही. नवऱ्याची आठवण न येता माझे दिवसच्या दिवस जातात. आणि ती ओंजळीत तोंड लपवून रडते.

सभागृहातून बाहेर पडलो तो मी संतापलेला होतो. कँटीनच्या चहावर आम्ही चौघा मित्रांनी त्या शिगेची पार सालटी काढली. वस्त्र मागते! सुतकाचे कपडे बरोबर घेते! नवऱ्याने आईबापांसाठी चांगला खाऊ आणला तर म्हणते, एवढा महागाचा कशाला! आपण असे कधी होणार नाही, याविषयी आम्हां चौघांचे एकमत होते. चोवीस वर्षांच्या माणसाचे स्वतःविषयीचे मत फार चांगले असते. ते मोडायला पुढे पुष्कळ वर्षे मिळतात, म्हणून निसर्गाने तशी सोय केली असावी.

मग मी ओझूच्या मागे लागलो. मिळेल ते वाचले, जमेल ते पाहिले. कुटुंब हा एकच विषय जन्मभर घोटणारा हा गृहस्थ स्वतः अविवाहित होता, हे वाचून मला प्रथम हसू आले. जन्म १२ डिसेंबर १९०३, टोकियोच्या फुकागावा भागात. बाप खतांचा व्यापारी. तो धंद्यासाठी टोकियोतच राहिला आणि मुलांना आईबरोबर मात्सुसाका या आपल्या मूळ गावी पाठवून दिले. तेव्हा मुलगा नऊदहा वर्षांचा. त्यामुळे वाढत्या वयातली दहा वर्षे बापाचे सुख असे त्याला मिळालेच नाही. पुढे या माणसाने पडद्यावर इतके शांत, इतके मायाळू बाप उभे केले, याचे मूळ तिथे असेल काय? शाळेत प्रगती यथातथाच, प्रवेशपरीक्षांत नापास, डोंगरातल्या एका खेड्यात वर्षभर बदली मास्तर. आणि १९२३ साली, घरच्यांच्या नाराजीला न जुमानता, तो शोचिकु कंपनीच्या कामाता स्टुडिओत कॅमेरामनचा मदतनीस म्हणून लागला.

तो दिग्दर्शक कसा झाला त्याची एक गोष्ट सांगतात. स्टुडिओच्या खानावळीत जेवणाची रांग होती. याचा नंबर आलेला असताना वाढप्याने भाताची आणि रश्श्याची थाळी मागाहून आलेल्या एका दिग्दर्शकापुढे ठेवली. ओझूने उठून मारामारी केली. स्टुडिओप्रमुख शिरो किदोने या तापट पोराला बोलावून घेतले, आणि शिक्षा देण्याऐवजी पुढे त्याला चित्रपट करायला दिला. १९२७ साली त्याचा पहिला चित्रपट निघाला. तो तलवारींच्या काळातला होता. आयुष्यात त्याने केलेला तसला तो एकच, आणि आज त्याची प्रतही उरलेली नाही. म्हणजे १९७८ साली मी ज्या तलवारी शोधायला गेलो होतो, त्या ओझूने पन्नास वर्षांपूर्वीच खाली ठेवल्या होत्या!

त्यानंतर १९६२ पर्यंत त्याने पन्नासांहून अधिक चित्रपट केले. १९३२ चा 'मी जन्मलो खरा, पण...' हा दोन खोडकर भावांचा मूकपट. आपला बाप साहेबापुढे माकडचाळे करतो हे पाहून ती पोरे उपोषणाला बसतात. सगळे जग बोलू लागले तरी हा मूकपटच काढत राहिला. त्याचा पहिला बोलपट थेट १९३६ साली आला, 'एकुलता एक मुलगा'. त्यातही आई मुलाला भेटायला टोकियोला जाते आणि तिच्या कष्टांचे चीज झालेले नाही हे पाहून परतते. १९३७ ते १९३९ ओझू चीनच्या आघाडीवर शिपाई होता. १९४३ साली सैन्याने त्याला सिंगापूरला पाठवले, ते चक्क आपल्या स्वातंत्र्यलढ्यावर चित्रपट काढायला! सुभाषबाबूंच्या 'चलो दिल्ली'चा तो काळ. तो चित्रपट कधीच पुरा झाला नाही. ओझू तिथे जप्त केलेले अमेरिकन चित्रपट एकामागून एक पाहत राहिला आणि युद्ध हरल्यावर १९४६ साली मायदेशी परतला. जे पाहिले त्यातले काहीही त्याने नंतर पडद्यावर थेट दाखवले नाही. फक्त घरोघरी एखाद्या न परतलेल्या मुलाचा फोटो ठेवला.

मग १९४९ चा 'वसंताची अखेर', १९५१ चा 'उन्हाळ्याची सुरुवात' आणि १९५३ ची ही 'टोकियोची कहाणी'. तिन्हींत सेत्सुको हारा ही नटी, आणि तिन्हींत तिचे नाव नोरिकोच. पण तिन्ही नोरिको वेगळ्या. कथा लिहायला जोडीला कोगो नोदा. दोघे मित्र चिगासाकीच्या एका समुद्राकाठच्या खाणावळीत मुक्काम टाकून, पिऊन, गप्पा मारून, फिरून संवाद लिहीत. १९३७ साली लिओ मॅकॅरी या अमेरिकन दिग्दर्शकाने मुलांना जड झालेल्या म्हाताऱ्यांवर एक चित्रपट काढला होता. तो नोदाने पाहिलेला होता, आणि बी तिथले. पण झाड मात्र पुरते जपानी उगवले. म्हाताऱ्या शुकिचीचे काम करणारा चिशू ऱ्यू तेव्हा अवघा एकोणपन्नास वर्षांचा होता, हे वाचल्यावर मी चाट पडलो. नटाने रंग लावून म्हातारे होणे सोपे असते. याने पाठीने म्हातारपण दाखवले आहे.

ओझूच्या कॅमेऱ्याविषयी विद्वानांनी ग्रंथ लिहिले आहेत. मला त्यात एवढेच कळते, की तो कॅमेरा आमच्या आईसारखा जमिनीवर बसतो. जपानी लोक घरात चटईवर बसतात; त्या बसलेल्या माणसाच्या डोळ्यांहूनही थोडे खाली तो कॅमेरा ठेवलेला असतो. तिथून माणसे वर पाहावी तशी दिसतात, त्यांना सहज एक मान मिळतो. तो कॅमेरा कोणाच्या मागे धावत नाही. जवळजवळ हलतच नाही. माणसे खोलीतून निघून गेली तरी तो रिकामी खोली पाहत बसतो. माजघराच्या दाराशी पोथी मिटून बसलेली म्हातारी नाही का, येणारीजाणारी पोरे पाहत राहते? मधूनच धुराडी, दोरीवरचे कपडे, जाणारी आगगाडी, भोंगा वाजवीत जाणारी होडी. मग पुन्हा घर. आपण टोफू विकणारे, म्हणजे सोयाबीनच्या दुधाच्या साध्या वड्या करणारे, आपल्याकडे दुसरे पक्वान्न मागू नका, असे तो म्हणत असे. पण एकच पदार्थ रोज चांगला करणे किती कठीण, ते ज्या घरात रोज वरणभात होतो त्या घरातल्या बाईला विचारावे.

आता माझे सांगतो. १९९६ च्या मे महिन्यात अण्णा आणि आई आमच्या डोंबिवलीच्या घरी पंधरा दिवसांसाठी आली. बरोबर दोन पेट्या आंबे, फणसाची साठे, कुळथाचे पीठ आणि आगळाची बाटली. एक झोपायची खोली, एक बाहेरची, आणि आम्ही चौघे. पहिला रविवार मुंबई बघण्यात घालवायचा ठरला होता. तो माझ्या कचेरीच्या हिशेबतपासणीत गेला. आठव्या दिवशी माझे साहेब सपत्नीक जेवायला यायचे होते. बढतीचे दिवस होते. मी मोठ्या गोड शब्दांत म्हणालो, "अण्णा, ताईकडे कल्याणला चार दिवस राहून या की. ती केव्हापासून बोलावते आहे." आई लगेच म्हणाली, "बरं सुचवलंस हो. तिचं नवं घर पाहायचंच होतं." ताईच्या बाहेरच्या खोलीत दहावीचे सुट्टीतले वर्ग भरत. वर्ग सुटेपर्यंत दोघे खाली गणपतीच्या देवळाच्या कट्ट्यावर बसून राहत, हे मला फार नंतर कळले. तिकडून अण्णांचा फोन आला: "आम्ही परवाच्या एसटीने निघतो. घराची कौलं परतून घ्यायची राहिलीत. पाऊस काय, आला म्हणजे आलाच." मी म्हटले, "मग निघायलाच हवं." मला हायसे वाटले. ते लपवण्याइतका शहाणपणा माझ्या आवाजात होता, एवढीच मी आशा करतो.

१९९८ च्या श्रावणात गावाहून फोन आला, आईला बरे नाही. मी बॅग भरली. भरताना दोन धूत पंचे त्यात ठेवले. ते कशासाठी ठेवले, हे मी स्वतःला विचारले नाही. पोचलो तेव्हा त्यांचीच गरज होती. तेराव्याला वाडीतला एक जुना माणूस माजघरात गळणारे पाणी पाहून म्हणाला, "कौलांचं काही खरं नाही. त्या शहाण्णव साली चैत्रात मीच चढून सगळी परतली होती, तेव्हापासून कुणी हात लावला नाही." चैत्रात! म्हणजे मे महिन्यात परतायला कौले उरलीच नव्हती. अण्णा समोरच बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. "पानं घ्या वाढायला," असे ते म्हणाले.

त्याच दिवशी ताईने आईचे इरकली लुगडे मागून घेतले. मला ते आवडले नाही. अजून चुलीतली राख निवली नाही, आणि हिला लुगड्याची आठवण! मी हे बोललो नाही, पण दोन वर्षे मनात ठेवले.

२००१ साली तो चित्रपट मी दुसऱ्यांदा पाहिला. घरी, तबकडीवर, रात्री एकटा. शिगे वस्त्र मागते तो प्रसंग आला आणि मी थांबवून ठेवला. चोविसाव्या वर्षी जिथे लोभ दिसला होता, तिथे आता दिसले की आई वाचणार नाही हे कळताच रडू कोसळले होते ते तिलाच. ताईने त्या लुगड्याची गोधडी शिवून घेतली होती आणि ती पांघरल्याशिवाय तिला झोप येत नसे. हे मला ठाऊक होते, पण मी त्याचा अर्थ लावला नव्हता. आणि सुतकाचे कपडे? माझ्या बॅगेत दोन पंचे होते. ओझूने कोणालाच खलनायक केलेले नाही, हे कळायला मला तेवीस वर्षे लागली. डॉक्टरला खरोखरच रोगी होता. माझी हिशेबतपासणीही खरीच होती. दुःख एवढेच, की सगळी कारणे खरी असतात.

त्या आठवड्यात शनिवारी रात्रीच्या गाडीने मी देवरुखला गेलो. अण्णा ओटीवर सुपारी कातरीत होते. "अचानक? काय काम काढलंस?" त्यांनी विचारले. मी म्हटले, "काही नाही. सहजच." त्यांनी कातरलेली सुपारी माझ्यापुढे केली. कौलांचे मी विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही. पुढे दोन वर्षे, ते होते तोवर, मी महिन्यातून एकदा सहजच जात राहिलो. चित्रपटाच्या शेवटी तो म्हातारा एकटाच पंख्याने वारा घेत बसलेला आहे. तीच शेजारीण पुन्हा खिडकीशी येते, आणि तो तिला सांगतो की असे होणार हे ठाऊक असते तर ती असताना मी तिच्याशी अधिक चांगला वागलो असतो. एकट्याला दिवस फार मोठा वाटेल. अण्णांनी हे मला कधी सांगितले नाही. पण जेवताना शेजारच्या रिकाम्या पाटाकडे ते पाहत, तेव्हा ते मला ऐकू येई.

ओझूची आई १९६२ च्या फेब्रुवारीत गेली. तो जन्मभर तिच्याबरोबर राहिला. तेव्हा त्याच्या शेवटच्या चित्रपटाची जुळवाजुळव चालू होती. त्यात मुलीचे लग्न करून देऊन एकटा पडलेला बाप आहे, आणि तो बापही चिशू ऱ्यूच. पुढच्या वर्षी, १२ डिसेंबर १९६३ ला, म्हणजे बरोबर साठाव्या वाढदिवशी, ओझू कर्करोगाने गेला. कामाकुराजवळच्या एंगाकुजी मठात त्याची समाधी आहे. तिच्यावर नाव नाही. फक्त एक अक्षर कोरलेले आहे, त्याचा अर्थ 'शून्य', 'काही नाही'. सेत्सुको हाराने त्याच सुमारास पडदा सोडला तो कायमचा. कामाकुरात ती एकांतात राहिली आणि २०१५ साली पंचाण्णवाव्या वर्षी गेली. हा दिग्दर्शक फारच जपानी, परक्यांना तो कळायचा नाही, असे त्याच्या देशातल्याच लोकांना एके काळी वाटे. २०१२ साली एका ब्रिटिश नियतकालिकाने जगभरच्या ३५८ दिग्दर्शकांना कौल विचारला, तेव्हा त्यांनी पहिला नंबर या म्हाताराम्हातारीच्या प्रवासाला दिला. त्या ३५८ जणांनाही आईबाप होते, त्याला ते तरी काय करणार!

२०२४ साली मी तो तिसऱ्यांदा पाहिला. बंगळूरला, चिरंजीवांच्या घरी. आम्ही उभयता महिनाभर गेलो होतो. आमच्या पलंगासाठी नातवाचे अभ्यासाचे टेबल दिवाणखान्यात हलवले होते, आणि नातू फुगला होता! मी मोठ्याने हसलो. का हसलो ते कोणाला कळेना. मग मुलालाच सांगून तो चित्रपट लावून घेतला. मुलगा कामात होता. शेवटचा अर्धा तास मात्र माझ्या शेजारी येऊन बसला. संपल्यावर बराच वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, "बाबा, तुम्हांला इथं कंटाळा येतो का हो?"

"छे रे! मजेत आहे," असे उत्तर माझ्या ओठांवर आले होते. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले, घोटून गुळगुळीत झालेले ते उत्तर. आईने ते दिले होते, शुकिचीने दिले होते. मला कौले आठवली. मी म्हटले, "दुपारी येतो थोडा. रविवारी माझ्याबरोबर फिरायला ये." तो आला. वीस मिनिटांनी त्याचा फोन वाजला आणि त्याला परतावे लागले; पण आला. त्या म्हाताऱ्यांचे एक बोलणे आहे, परतीच्या वाटेवरचे: आपली मुले बदलली खरी, पण इतरांच्या मानाने बरी आहेत, आपण सुखीच म्हणायचे. पहिल्या खेपेला मला ते केविलवाणे वाटले होते. आता तो मला जमाखर्चाचा अगदी चोख हिशेब वाटतो.

निघायच्या आदल्या रात्री आम्ही सामान बांधत होतो. माझ्या चष्म्याची डबी सापडेना. "तुझ्याकडेच दिली होती," मी म्हणालो. "माझ्याकडे नाही हो," ही म्हणाली. दोन पिशव्या उलट्या झाल्या, उशांखाली पाहून झाले, नातवाला कामाला लावले. ती माझ्याच सदऱ्याच्या खिशात निघाली. "हं, ही इथंच आहे," असे म्हणून मी बाजूला झालो. आणि मग थांबलो. ही खाली बसून काही न बोलता पुन्हा पिशवी भरत होती. तिचे गुडघे हल्ली दुखतात.

"अगं, माझ्याच खिशात होती," मी म्हणालो. "उगाच बोललो मी तुला."

हिने मान वर करून माझ्याकडे पाहिले, आणि काळजीने विचारले, "अहो, बरं वाटत नाहीये का तुम्हांला?"